प्लग गरम होतो, हे पत्राच्या शेवटी का लिहिलंत?

प्रश्न : यंदा थंडी जरा जास्तच आहे. घरात सासूबाई आहेत, वय ७२, त्यांना मधुमेह आहे. मुलगी १० महिन्यांची. दोघी एकाच खोलीत झोपतात म्हणून २००० वॉटचा पंख्याचा हीटर घेतला. तेलाचा घ्यायला हवा होता का, तो जास्त सुरक्षित असतो का? हीटर रात्रभर चालू ठेवला तर चालेल का? शेजारच्या काकू म्हणतात, हीटरमुळे खोलीतला ऑक्सिजन संपतो, म्हणून मी हीटरजवळ पाण्याचं पातेलं ठेवते. ते बरोबर आहे ना? खोलीतला सॉकेट पलंगाच्या मागे गेलाय, त्यामुळे हीटर एक्स्टेंशन बोर्डवर लावतो. वायर पायात येऊ नये म्हणून गालिच्याखालून घेतली आहे. तासाभराने प्लग जरा गरम होतो, पण एमसीबी पडत नाही, त्यामुळे काळजीचं कारण नाही असं आमचे हे म्हणतात.

उत्तर : तुम्ही तेल, ऑक्सिजन आणि रात्र याबद्दल विचारलंय. त्या तिन्हींची उत्तरं देतो. पण मी अडकलो ते तुमच्या शेवटच्या दोन-तीन वाक्यांत. गालिच्याखालची वायर, एक्स्टेंशन बोर्ड आणि गरम होणारा प्लग. हीटर कुठल्या जातीचा, याला त्यानंतर महत्त्व आहे. तेव्हा आधी एक करा. उरलेलं उत्तर वाचण्याआधी उठा, हीटर बंद करा आणि त्या बोर्डमधून काढून ठेवा. आता निवांत वाचा.

२००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो.  त्याच बोर्डवर तुमचा टीव्ही, राउटर आणि दोन-तीन मोबाइल चार्जर लावलेत तर त्या सगळ्यांची मिळून बेरीज एखाद्या अँपिअरच्या आसपास जाईल. बोर्ड बनवणाऱ्यानेही असलाच भार डोळ्यांसमोर धरलेला असतो. बरं, किटलीसुद्धा हीटरइतकीच वीज खाते, पण चार मिनिटांत तिचं काम होतं आणि तापलेला प्लग पुन्हा गार होतो. हीटर तीन-तीन तास एकसारखा ओढत राहतो. घरात इतका मोठा प्रवाह इतका वेळ ओढणारी वस्तू बहुधा हीच, आणि तीच आपण सगळ्यात तकलादू बोर्डवर लावतो.

प्लग का तापतो ते समजून घ्या, म्हणजे घरात वाद घालायला बरं. सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या असतात, त्या प्लगच्या पिनेला चिमटीत धरतात. पकड घट्ट असली की वीज विनासायास जाते. रोजच्या काढ-घालीने ही पकड सैल होते. मग पिन आणि पट्टी एकमेकींना मोजक्याच ठिकाणी टेकतात आणि तेवढ्या जागेत विजेला अडथळा होतो. समजा तो अडथळा फक्त अर्ध्या ओहमचा आहे. उष्णता मोजायची तर प्रवाहाचा वर्ग गुणिले अडथळा. ८.७ गुणिले ८.७ गुणिले अर्धा, म्हणजे जवळपास ३८ वॉट. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं, हे लक्षात घ्या. त्याहून जास्त उष्णता तुमच्या बोर्डच्या प्लास्टिकमध्ये, हरभऱ्याएवढ्या जागेत कोंडून राहते. तापल्यावर पट्टीचा ताण आणखी कमी होतो, धातूवर काळपट थर चढतो, अडथळा वाढतो, उष्णता वाढते. हे चक्र एकदा लागलं की आपोआप थांबत नाही. आज ‘जरा गरम’ वाटणारा प्लग पुढच्या महिन्यातही जरा गरमच असेल, असं धरून चालू नका.

आता एमसीबीबद्दल. तुमच्या यजमानांचा तर्क वरवर पाहता बिनतोड आहे, आणि बहुतेक घरांत तो असाच मांडला जातो. पण एमसीबी कशावर लक्ष ठेवतो? ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेला, किंवा शॉर्टसर्किट झालं, की तो पडतो. सैल प्लगमध्ये प्रवाह वाढतच नाही. अडथळ्यामुळे झाला तर किंचित कमीच होतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला ८.७ अँपिअर दिसतात, त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे, आणि इकडे बोर्ड वितळतोय. विजेची गळती पकडणाऱ्या आरसीसीबीचंही तेच. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक पडला, बहुधा ३० मिलिअँपिअरचा, की ते पडतं. शॉक लागणाऱ्या माणसाचा जीव ते वाचवतं, त्यामुळे घरात हवंच. पण सैल प्लगमध्ये वीज कुठे बाहेर गळत नसते, म्हणून तेही गप्प राहतं. ठिणग्या ओळखणारी उपकरणं आता मिळतात, पण बहुतेक घरांच्या बोर्डमध्ये ती नसतात. थोडक्यात, तापलेल्या प्लगची खबर देणारी यंत्रणा तुमच्या घरात एकच आहे, तुमचा हात. तो सांगतोय, तर त्याचं ऐका. (आणि पुढेमागे एमसीबी वारंवार पडायला लागला, तर त्याच्या जागी मोठा एमसीबी बसवण्याची आयडिया कोणी काढलीच तर त्याला घरातून चहा न देता परत पाठवा. भिंतीतली तार तीच राहते, तिच्यावरचा पहारा तेवढा उठतो.)

हाताने तपासायची रीत अशी. हीटर नेहमीच्या जागी, भिंतीतल्या सॉकेटवर अर्धा तास चालवा. मग सॉकेटचं बटण बंद करा, बटण नसेल तर आधी हीटरचं. प्लग बाहेर काढताना पिनांना हात लावू नका, त्या पोळू शकतात. हाताची पालथी बाजू प्लगच्या अंगाला आणि सॉकेटच्या तोंडाला लावा. कोमट लागलं तर ठीक, एवढा भार असताना तेवढं होतंच. हात ठेवून दहापर्यंत मोजता येत नसेल तर तो प्लग किंवा तो सॉकेट बाद. दोन पिनांपैकी एकच जास्त तापत असेल, पिनेभोवती तपकिरी डाग असेल, प्लास्टिक किंचित ओघळलं असेल, लावताना तडतड ऐकू येत असेल किंवा माशासारखा उग्र वास येत असेल तर हात लावून बघायचीही गरज नाही. तो माशासारखा वास पुष्कळांना फसवतो. लोक स्वयंपाकघरात जाऊन बघतात, काय जळतंय ते. काही प्रकारचं प्लास्टिक तापलं की तसा वास येतो आणि त्याचा उगम बहुतेक वेळा स्विचबोर्ड असतो.

मग हीटर लावायचा कुठे? पलंग सरकवा. गंमत करत नाही. तुमच्या पत्रातल्या निम्म्या अडचणींवर हाच उपाय आहे, आणि तो फुकट आहे. सॉकेट मोकळा झाला की हीटर थेट भिंतीत लागेल, बोर्ड लागणार नाही आणि वायर गालिच्याखालून न्यायची वेळ येणार नाही. गालिच्याखालच्या वायरमध्ये दोन वाईट गोष्टी एकत्र येतात. वायर तापते आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून पाय पडून पडून आतल्या बारीक तारा तुटतात आणि उरलेल्या तारांवर सगळा भार येतो. हे सगळं नजरेआड चालतं. गुंडाळी करून ठेवलेल्या वायरलाही हेच लागू आहे, वेटोळ्याच्या आतले पदर एकमेकांनाच तापवतात. आज गालिचा उचलाल तेव्हा ती वायर बोटांनी चाचपून बघा. एखाद्या जागी ती कडक, चपटी किंवा मऊ झालेली लागली, तर पुन्हा वापरू नका, टीव्हीसाठीसुद्धा नाही.

पलंग हलवण्यासारखा नसेलच, तर नवीन सॉकेट सोयीच्या जागी काढून घ्या. तोवर हीटर भिंतीतल्याच दुसऱ्या एखाद्या सॉकेटवर, १००० वॉटवर चालवा, बहुतेक हीटरना अर्ध्या भाराची खूण असते. प्रवाह अर्धा झाला की सैल जोडाची उष्णता अर्धी नाही, चौथाई होते. हा तात्पुरता दिलासा आहे, दुरुस्ती नव्हे. आणि एक्स्टेंशन बोर्डवर तर अर्ध्या भारावरही नको.

तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणारा छोटा अॅडॉप्टर घरात असेल तर तो हीटरसाठी कधीच वापरू नका. तिसरी, जाड पिन अर्थिंगची. हीटरचं अंग धातूचं असेल आणि आतली तार सुटून त्याला टेकली, तर ती वीज जमिनीत नेण्याचं काम या पिनेचं. अॅडॉप्टरमुळे ती जोडलीच गेली नाही, की ते काम हीटरच्या अंगाला हात लावणाऱ्याकडे येतं. तुमच्याकडे १० महिन्यांची मुलगी आहे. धरून उभं राहायला तिला जे सापडेल त्याला ती हात लावणार.

रात्रभर चालू ठेवावा का? नाही. याला माझ्याकडे ‘पण’ नाही. झोपेत नाक भरवशाचं राहत नाही. जळका वास आल्यावर जाग येईलच, असं धरून चालता येत नाही. जागेपणी पाच सेकंदांत लक्षात येणारी गोष्ट, म्हणजे हीटरवर घसरलेली गोधडी, झोपेत अर्धा तास कोणाला कळत नाही. आणि तुमच्या खोलीत झोपणाऱ्या दोघींपैकी एकीला स्वतः उठून बाहेर जाता येत नाही, दुसरीला पटकन जाता येत नाही.

त्याऐवजी असं करून बघा. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी दार लावून खोली तापवा. दाराखालच्या फटीला जुन्या कापडाची गुंडाळी लावा, खिडकीच्या फटी बुजवा, जाड पडदे ओढून घ्या (हीटरपासून लांबच्या खिडकीचे). कोमटलेली खोली फटी बंद असतील तर बराच वेळ तग धरते, उघड्या फटींतून तुमचे २००० वॉट नुसते वाहून जातात. झोपताना हीटर बंद करून प्लग काढा. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी आधी ठेवा आणि सासूबाई आडव्या झाल्या की काढून घ्या. पायाशी ठेवून झोपू देऊ नका, कारण खाली सांगतो. पहाटे गारठा वाढला, तर उठून पुन्हा वीस मिनिटं लावा, जागं राहून.

घर इतकं गार असेल की हे पुरत नाही, तर रात्रभर ऊब देणं हे हलत्या हीटरचं कामच नाही, हे मान्य करून पुढचा विचार करा. भिंतीवर कायमचा बसवलेला, स्वतंत्र तार ओढलेला हीटर, किंवा गरम हवा देणारा एसी. असा एसी उष्णता तयार करत बसत नाही, बाहेरच्या हवेतली आत ओढून आणतो. त्यामुळे एक युनिट विजेत तो अडीच-तीन युनिटांएवढी ऊब सहज देतो. सुरुवातीचा खर्च जास्त, हे खरंच. पण दरवर्षी तीन महिने हीटर चालणार असेल, तर हिशोब एकदा कागदावर मांडून बघा.

आणखी एक छोटी वस्तू मी हीटरच्याही आधी घ्यायला सांगतो. खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर. घर किती उबदार हवं, यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सर्वसाधारण माणसांसाठी किमान १८ अंश सेल्सिअस हा आकडा आहे, म्हातारी माणसं आणि आजारी यांना थोडं जास्त लागू शकतं. आपल्या अंदाजावर सोडलं तर खोली २६-२७पर्यंत जाते आणि बाळ घामाघूम होतं. अति ऊब तान्ह्या मुलांना धोक्याची असते. थंडीच्या भीतीने आपण बाळाला टोपी, मोजे, दोन स्वेटर घालतो आणि वर हीटर लावतो. झोपताना डोकं झाकू नका. बाळाला गार वाटतंय का हे हातापायांवरून ठरवू नका, ते गारच लागतात. मानेमागे किंवा छातीला हात लावा. तिथे ओलसर गरम लागलं, तर एक थर काढा.

आता सासूबाई. मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होऊ शकतात. तसं झालं की पाय हीटरपुढे धरले आणि भाजायला लागले, तरी ‘आता मागे घ्या’ हा निरोप मेंदूपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. चटका बसला की जखम भरायलाही वेळ लागतो. गरम पाण्याची पिशवी काढून घ्या म्हटलं ते याचसाठी. त्या दिवसभर हीटरशी खुर्ची ओढून बसत असतील, तर त्यांच्या नडग्या एकदा उजेडात नीट बघा. जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग दिसले, तर ते घाण किंवा वयाचे डाग समजू नका. रोज थोडी थोडी, न भाजणारी उष्णता त्वचेवर पडत राहिली की हे डाग उठतात. डॉक्टर त्याला एरिथिमा अॅब इग्ने म्हणतात. लवकर लक्षात आले तर अंतर वाढवल्यावर फिके होत जातात, वर्षानुवर्षं चालू राहिलं तर राहतात, आणि ते मग डॉक्टरांनी बघायला हवेत. खुर्ची एक मीटर मागे, पायावर पातळ पांघरूण, आणि थंडी वाजत असेल तर हीटर वाढवण्याऐवजी अंगावर एक थर वाढवायचा. त्यांना हे तुम्ही सांगून पटणार नाही, मुलाला सांगायला सांगा.

हा एक मीटर सगळ्यालाच लावा. पलंग, गादी, पडदा, सोफा, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, खेळणी. मोजताना आत्ता पडदा कुठे आहे ते बघू नका, वाऱ्याने उडाला तर कुठे येईल ते बघा. गोधडी पलंगावर नीट घडी असताना नव्हे, कूस बदलल्यावर घसरते तिथून मोजा. हीटर दार उघडल्यावर धक्का लागेल अशा जागी नको आणि खोलीबाहेर पडायच्या वाटेवरही नको. काही झालंच, तर त्याला ओलांडून जावं लागता कामा नये. बाळ रांगतंय म्हणून हीटर टेबलावर किंवा स्टुलावर चढवायचा मोह होईल, तो टाळा. लोंबणारी वायर दिसली की ते ती ओढणारच. हीटर जमिनीवर, सपाट फरशीवर, आणि भोवती भिंतीला पक्कं बसवलेलं जाळीचं कुंपण. ते जमत नसेल तर बाळ खाली असताना हीटर बंद.

हीटर पडला की आपोआप बंद होणारी कळ पुष्कळ हीटरच्या बुडाशी असते. ती काम करते का, हे पहिल्याच दिवशी बघायचं असतं आणि जवळजवळ कोणीच बघत नाही. चालू हीटर वरच्या मुठीला धरून थोडा कलता करा. खट्‌ आवाज येऊन तो लगेच बंद पडायला हवा. नाही पडला, तर दुकानात परत. आणि जाड गालिच्यावर ही परीक्षा खोटी ठरते, कधी कळ पुरती दाबलीच जात नाही, कधी पडल्यावरही लोकरीत दबलेली राहते. म्हणून फरशी.

बाळाचे कपडे हीटरवर वाळत घालणं चालू असेल, तर तेही आजपासून बंद. पंख्याच्या हीटरमध्ये मागून हवा आत जाते, पुढून बाहेर येते, आणि ती हवाच आतल्या तापलेल्या तारेला काबूत ठेवते. तोंडावर लंगोट टाकला की हवा अडते. आत एक सुरक्षा-कळ असते, ती अशा वेळी वीज तोडते. पण तिच्या भरवशावर रोज तोच प्रयोग करायचा नसतो. महिन्यातून एकदा, प्लग काढून, मागची जाळी ब्रशने साफ करा. कपड्यांचे तंतू आणि केस तिथे साचतात आणि ते पेटायला फार वेळ लागत नाही. डिओ, केसांचा स्प्रे, नेलपॉलिश हीटरपासून लांब. बाथरूममध्ये हा हीटर नेऊच नका, दोन मिनिटांसाठीही नाही. ओल्या अंगाचा विजेला होणारा अडथळा फार कमी असतो. आणि मोबाइलवरून चालू-बंद करायचा स्मार्ट प्लग हीटरला लावू नका. समोर कोणी नसताना हीटर सुरू होणं, नेमकं हेच आपल्याला नकोय.

तेलाचा हीटर जास्त सुरक्षित का? थोडा, हो. त्यातलं तेल जळत नाही, संपत नाही, त्यात पुन्हा भरायचं नसतं. ते फक्त उष्णता धरून ठेवतं आणि धातूच्या उभ्या पट्ट्यांमधून खोलीत सोडतं. लालभडक तार कुठेच उघडी नसते, पंखा नाही, आवाज नाही, धूळ उडत नाही. पंख्याचा, तेलाचा आणि रॉडचा या तिन्हींत झोपायच्या खोलीसाठी तोच बरा, आणि बंद केल्यावरही अर्धा तास ऊब देत राहतो, हे वरच्या योजनेला सोयीचंच. पण तो खोली तापवायला वेळ लावतो, वजनाने जड असतो, बाळावर पडला तर दुखापत मोठी, आणि त्याचं अंगही चटका बसण्याइतकं तापतं. शिवाय तो २००० वॉटचा असेल तर प्लगला लागणारा प्रवाह तोच, ८.७ अँपिअर. म्हणजे सध्याच्या बोर्डवर तेलाचा हीटर लावलात, तर मूळ दुखणं जिथल्या तिथे. ‘कमी विजेत जास्त ऊब’ असं खोक्यावर लिहिलेलं असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करा. विजेवर तापणारा कुठलाही साधा हीटर एक युनिट विजेची एक युनिटच उष्णता करतो, मग तो तेलाचा असो, कॉइलचा असो की सिरॅमिकचा. रॉडचा, लाल दिसणारा हीटर समोरच्या माणसाला थेट ऊब देतो, खोलीला कमी. एकट्याने टेबलाशी काम करणाऱ्याला तो ठीक, रांगतं बाळ असलेल्या घरात मी तो आणणार नाही.

काकूंच्या ऑक्सिजनचं असं आहे, की त्यांचा इशारा खरा, पण वस्तू चुकली. विजेच्या हीटरमध्ये काही जळतच नाही, तर ऑक्सिजन संपणार कसा? माणसांना लागणारी ताजी हवा हवीच, म्हणून खोली अगदी हवाबंद करू नका, एवढंच. कोंडल्यासारखं, घसा कोरडा झाल्यासारखं वाटतं ते आर्द्रतेमुळे. १० अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा तुम्ही २२ अंशांपर्यंत तापवलीत, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण आर्द्रता ३७ टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यावर पातेल्याचा उपयोग नावापुरता, आणि हीटरशेजारी पाणी ठेवणं मला तुमच्या पत्रातली दुसऱ्या क्रमांकाची चूक वाटते. रांगतं बाळ, भरलेलं पातेलं, चालू हीटर आणि जमिनीवरचा बोर्ड. ओला टॉवेल खोलीच्या दुसऱ्या टोकाला दांडीवर टाका, सासूबाईंच्या अंगाला तेल किंवा क्रीम लावा, भागेल.

मात्र कोळशाची शेगडी, गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर बंद खोलीत पेटवला, तर काकूंचं म्हणणं अक्षरशः खरं ठरतं, नव्हे, त्याहून वाईट होतं. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. वीज गेली म्हणून एखाद्या रात्री शेगडी आत आणायचा विचार घरात निघेल. त्या रात्रीसाठी पांघरुणं जास्तीची काढून ठेवा. शेगडी आत येणार नाही, हे आत्ताच ठरवा.

छताला आतून धुराचा अलार्म लावून घ्या, या खोलीत एक आणि बाहेर एक, आणि महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवून बघा. प्रसंग आलाच, तर चालू विजेच्या वस्तूवर पाणी नाही. हाताशी असेल तर मेन स्विच पाडा, नसेल तर तोही शोधत बसू नका. दोघींना बाहेर काढा, खोलीचं दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला फोन करा.

इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा ‘सॉकेट बघा जरा’ एवढंच सांगितलंत, तर तो टेस्टर लावून ‘करंट येतोय’ म्हणेल आणि जाईल. त्याला मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा. मागच्या स्क्रूखालच्या तारा ओढून बघायच्या, सैल असतील तर आवळायच्या. तारेचं आवरण स्क्रूजवळ तपकिरी किंवा ठिसूळ झालं असेल, तर तेवढा तुकडा कापून चांगल्या जागेपासून पुन्हा जोडायचा. तार तांब्याची आणि निदान अडीच चौरस मिलिमीटरची आहे का, सॉकेट १५-१६ अँपिअरचा आहे का आणि अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का, हे त्याच्याकडून वदवून घ्या. सॉकेट जुना असेल तर दुरुस्त करत बसू नका, नवीनच बसवा. हीटरचा प्लग एकदा त्या बोर्डमध्ये तापलाय, त्याच्या पिना काळवंडल्या असतील. हीटर नवा आहे, तेव्हा आधी दुकानात दाखवा. वॉरंटीत बदलून मिळाला तर उत्तम, नाहीतर प्लगही नवा घाला. जुना प्लग नव्या सॉकेटमध्ये लावला, तर तो नवा सॉकेटही खराब करतो.